तिघींची सारखी

लिंकनच्या दफ्तरखान्यात
एकतीस नंबरचा खोका मीच आणून ठेवते टेबलावर.
खाली उशी, वर शिशाच्या माळा,
तरी ते कातडं मिटू बघतं, गोगलगाईसारखं.

त्यावर लॅटिनच्या पाच ओळी.
राजाला लढाईसाठी पैसे हवे होते,
स्क्रेव्हन्सबीच्या ओडो मॉल्व्हरकडे मेंढ्या होत्या.
'तुम्ही यावं,' एवढंच लिहिलंय.
तो गेला. बसला. थंडीने काकडला असेल.
बोलल्याची नोंद नाही.
त्या नुसत्या बसण्याची पुढे बॅरनी झाली.

ओडोचा जॉन, जॉनचा ओडो, ओडोचा पुन्हा जॉन,
रहाटाच्या पोहऱ्यांसारखे वर येत, रिते होऊन खाली जात.
मग एका जॉनला मुलगाच नाही.
सिबिल होती.
सिबिल केटलवेलांच्या घरी गेली, आणि मागोमाग पदवी,
पेटीतल्या कपड्यांबरोबर माहेरचा वास जावा तशी.
मॉल्व्हर आडनावाचं कुणी उरलं नाही,
बॅरन मॉल्व्हर मात्र राहिले,
केटलवेलांचे थोरले चिरंजीव.

यात मला फारसं नवल वाटलं नाही.
माझं तर लग्नात पहिलं नावही बदललं,
ताटातल्या तांदळांत अंगठीने गिरवून.
ते तांदूळ नंतर कुणी शिजवले, कुणी खाल्ले,
विचारायचं राहूनच गेलं.

सोळाशे एक्केचाळीस. विल्यम केटलवेल घोड्यावरून पडला.
मागे ॲबिगेल, थॉमसिन, ग्रिझेल.
मुलगे असते तर सगळं थोरल्याला.
मुलींमध्ये थोरली-धाकटी नाही,
कायदा म्हणतो, तिघी सारख्या.
वा, म्हटलं मी, पहिल्यांदा वाचलं तेव्हा.
मग पान उलटलं.
शेतं वाटता येतात, चमचे मोजता येतात,
पदवीचे तुकडे पडत नाहीत.
तिघींची सारखी, म्हणून एकीचीही नाही.
अधांतरी,
दोघींचे वंश बुडेपर्यंत.

आमच्याकडे पाटीलकीपायी
भावांनी भावांच्या विहिरी बुजवल्या.
मी खोक्यात तसलंच काही शोधत होते.
सापडलं थॉमसिनचं पत्र:
'ग्रिझेल, तुझ्या लेकराचा खोकला ऐकून झोप लागत नाही.
कांदा चिरून रात्रभर मधात ठेव,
सकाळी चमचाभर रस. कांदा फेकू नकोस,
दाराशी ठेव.'
दाराशी का, ते लिहिलेलं नाही.

ॲबिगेलकडची शेवटची, पियानो शिकवणारी एक अविवाहित बाई.
थॉमसिनकडचा शेवटचा यंदा मार्चमध्ये गेला,
स्कंथॉर्पच्या वृद्धाश्रमात, टीव्ही चालू असताना.

मंगळवारी मॉरीन पास्क आली, ग्रिम्सबीहून.
मासे सोलण्याच्या कारखान्यात तेवीस वर्षं,
दोन बोटांना निळ्या पट्ट्या.
सोबत वकील, ऑरेल म्हणून.
तो ओडोच्या कातडीवर झुकून बोलत राहिला,
हात न लावता, पण बोट नाचवत:
दावा, खर्च, वंशावळीचे दाखले,
'आणि मग तुम्ही, मॅडम, लेडी मॉल्व्हर.'

'मला जुळ्या मुली आहेत,' ती म्हणाली.
ऑरेलचं बोट थांबलं.
'म्हणजे माझ्यामागे पुन्हा...?'
त्याने मान डोलावली.
ती एवढ्यांदा हसली
की पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने चष्मा काढला.

मग तिने पत्र मागितलं.
ओठ हलवत वाचलं, सावकाश,
जुन्या अक्षरांत अडखळली तिथे मी सांगितलं.
'आमची आजी ठेवायची कांदा,' ती म्हणाली,
'दाराशी. आम्हाला वाटायचं, म्हातारी विसरली.'

आमच्या वहीत नावापुढे एक रकाना असतो,
'कशासाठी आलात?'
लोक लिहितात: वंशावळ. जमीन. प्रबंध.
तिने लिहिलं: खोकला.

दावा तिने केला का, मला ठाऊक नाही.
चार वाजता मी माळा उचलल्या.
कातडं आपणहून मिटलं,
आधी 'यावं' गेलं,
मग ओडो.