पाचपैकी किती

रात्रीचे पावणेतीन. ग्रिम्स्बी.
खिडकीत समुद्र नाही, समुद्राच्या जागेचा अंधार,
त्यात एक दिवा, बोटीचा असावा.
कुठल्याशा विद्यापीठाचा फॉर्म आठवडाभर टेबलावर पडून आहे,
त्यावर रोवेनाच्या कॉफीच्या कपाचं वर्तुळ.
प्रश्न सातवा: आपल्या कामाबद्दल आपण किती समाधानी?
एक ते पाच. योग्य आकड्याभोवती गोल करा.
प्रश्न आठवा: अध्यात्माचा आधार वाटतो का?
हो, नाही, कधी कधी.

नऊ नंबरच्या खाटेवर मिस्टर थर्स्क. एकोणचाळिसावा दिवस.
जन्मभर उत्तरेच्या पाण्यात जाळी ओढलेले हात,
आता बोटांची टोकं काळी.
थंडीने नाही, आमच्याच औषधाने:
रक्तदाब टिकवायचा तर रक्त
आधी हातापायांकडूनच काढून घ्यावं लागतं.
फुप्फुसं मशीनची, मूत्रपिंडं मशीनची,
त्यांचं स्वतःचं असं उरलंय ते दाढीचे खुंट,
वाढतात रोज, कुणाला न विचारता.

मुलगी म्हणते, बाबा लढवय्या आहेत.
डॉक्टर आपल्या बुटांकडे बघतात.
उद्या पुन्हा मीटिंग, पुन्हा टिश्यूचा खोका, पुन्हा
"अजून थोडा वेळ देऊ या."
वेळ कोण देतं, कुणाला?
दर दोन तासांनी कूस तर मी बदलते.

आई मिरजेला मिशनच्या दवाखान्यात आया होती.
असल्या कामाला तिचे शब्द ठरलेले:
पालथ्या घड्यावर पाणी.
म्हणायची, आणि पाणी आणायला जायची.
लहानपणी मला वाटायचं, कुरकुरतेय.
आता तीन वाजता कोमट पाण्याचा टब घेऊन उभी राहिले की कळतं,
पाणी आत जायचं नाही हे तिला ठाऊकच होतं;
पालथा घडा
निदान बाहेरून तरी धुतला जातो.

मी सांगून काम करते. ही सवयही तिचीच.
"मिस्टर थर्स्क, आता डावीकडे वळायचंय.
मिस्टर थर्स्क, पाणी जरा गार लागेल."
रोवेना पलीकडून धरते. तिच्या खिशात जपमाळ,
माझ्या खिशात कात्री, चिकटपट्टी, तीन पेनं.
रविवारी सकाळी मी झोपलेली असते.
तिकडे पाळकसाहेब आईला विचारतात,
"सुगंधा चर्चला जाते ना?" आई हो म्हणते.
खोटं बोलते की काय, मला नक्की सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात चार नंबरच्या बाईंची छाती दाबताना
तळहाताखाली एक बरगडी मोडली, मग दुसरी.
शहाऐंशी वर्षांच्या होत्या. पक्ष्याएवढ्या.
त्या रात्री कुणी विचारलं असतं तर
मी एकच्याही अलीकडचा आकडा शोधला असता.
घरी जाऊन भांडी घासली, घासलेलीसुद्धा.
देवाशी बोलले नाही.
त्यानेही विषय काढला नाही.

काल मिसेस थर्स्क आल्या. पिशवीतून जुना ब्रश काढला,
साबणाची वाटी काढली, म्हणाल्या,
तो खालून वर करायचा, सगळ्यांच्या उलट.
मग मी तशी केली, गळ्यातल्या नळीला वळसा घालत.
त्या खुर्चीतून लक्ष ठेवून:
हनुवटीची खळी राहिली बघ,
तिथे तो चाळीस वर्षं विसरत आला.
आम्ही दोघी हसलो. मोठ्याने.
मॉनिटरवर काहीही बदललं नाही.
मी नीट पाहिलं. काहीही नाही.
गालांना मात्र साबणाचा वास येत होता,
माणसाला येतो तसा.

हे सातव्यात लिहायचं की आठव्यात?

फोन वाजतो. लॅब. पोटॅशियम सहा पॉइंट दोन.
फिल्टर पुन्हा गोठला असणार.
हाताशी दुसरा कागद नव्हता,
फॉर्मच्या पाठीवरच आकडा लिहून घेतला,
वेळ लिहिली, त्याभोवती गोल केला.
रोवेना हातमोजे चढवत आलीच.
चला मिस्टर थर्स्क,
आता उजवीकडे.