वीस मिनिटं

काचेचीच नळी लागते, प्लास्टिकची चालत नाही.
दोन मिली रक्त घ्यायचं, हलवायचं नाही,
वीस मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसायचं
आणि मग हळूच तिरपी करायची.
गोठलं तर माणूस आपला.
वाहिलं तर परड अजून आत आहे.

फुलवंता नैताम, वय चौतीस.
धानाचे भारे बांधताना, उजव्या घोट्याच्या वर.
दहा कुप्या दिल्या. तिरपी केली. वाहिलं.
आणखी दहा. वाहिलं.
हिरड्यांतून रक्त येत होतं
आणि ती विचारत होती,
भारे झाकले का जी कोनी, आभाळ आलं आहे.
चंद्रपूरला नेताना मूलच्या अलीकडं गेली.

रिकाम्या कुप्या नष्ट करायच्या असा नियम आहे.
मी केल्या नाहीत.
वीस कुप्या, सुईदोऱ्याच्या डब्यात,
सगळ्यांवर एकच बॅच, एकच तारीख,
आणि निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव,
इतकं बारीक की चष्मा पुसून वाचावं लागतं.

उरलेल्या कुप्या औषध निरीक्षकांनी लाखेनं बंद करून नेल्या.
चौदा महिन्यांनी कागद आला:
लेबलवर लिहिलेल्या ताकदीचा चौथा हिस्सा.
कंपनीनंही कागद पाठवला, जाड, गुळगुळीत:
कारखान्यातून निघाला तेव्हा माल निर्दोष होता,
दोष ग्रामीण भागातल्या साठवणुकीचा.

ग्रामीण भाग म्हणजे मी.

सहा वर्षांनी पिंजऱ्यात उभी राहिले.
वकील नागपूरचे, आवाज मऊ, तूप लावलेला.
मॅडम, तुमच्याकडं वीज किती तास असते?
खरं सांगितलं.
मग फ्रीज कशावर चालतो? देवावर?
कोर्टात थोडे लोक हसले.

मी वही पुढं केली.
सकाळी नऊ, संध्याकाळी पाच, दोन ते आठ अंशांच्या मधे,
पोळ्याच्या दिवशीसुद्धा, रविवारी शिपाई भगीरथच्या अक्षरात.
वीज गेली त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात:
बर्फ चार किलो, ढिवर सोसायटी, पैसे स्वतःचे.
मासळीचा बर्फ? वकिलांनी विचारलं.
हो जी. मासळी नासू नये म्हणून जो ठेवतात, तोच.

मग त्यांनीच पानं उलटली, मागं, आणखी मागं,
एखादा रिकामा रकाना सापडेल म्हणून.
आणि पेटी आली त्या दिवसावर त्यांचं बोट थांबलं.
न्यायाधीश म्हणाले, मोठ्यानं वाचा.
त्यांनी वाचलं नाही. मी वाचलं.
कंपनीची गाडी, दुपारी अडीच.
पेटीतल्या बर्फाचं पाणी. तापमान एकतीस.
फोनवर कळवलं. उत्तर: घ्या, काही होत नाही.

कोर्टात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.
माझे वकील खूश. मी पण झाले असते.

पण त्या ओळीच्या खाली सही आहे. माझी. ठळक.
पेटी परत पाठवली असती तर कपाट रिकामं राहिलं असतं
आणि धान कापायला आलं होतं,
बांधीबांधीत बाया वाकल्या होत्या.
काही नसण्यापेक्षा काहीतरी बरं, असं मला वाटलं.
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

बाहेर जांभळीखाली फुलवंताची पोरगी उभी होती,
आता अकरावीत, दप्तर छातीशी धरून.
मंग तुमाले मालूम होतं जी?
इतकंच विचारलं तिनं.

हो, म्हणाले. एकतीस. मला मालूम होतं.
त्यांना पण मालूम होतं. मी लिहून ठेवलं, त्यांनी नाही.
फरक एवढाच, आणि तो पुरेसा नाही.

ती काही बोलली नाही. बस आली, चढली.

पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर.
मी परत येईन, वही घेऊन, डबा घेऊन.
ज्यानं फोनवर काही होत नाही म्हटलं
त्याचं नाव विचारा, असं मला कोर्टाला सांगायचं आहे.
त्याला इथं उभं करा.
मला वाटल्यास त्याच्या शेजारी.

तोवर नळी उभीच धरून बसले आहे.
सहा वर्षं झाली,
अजून कोणी तिरपी करून पाहिली नाही.