फुटामागं एक सूत

उद्यमनगरात शटर खाली ओढलं की
पॅटर्नच्या बाकावर नकाशा पसरतो आम्ही.
चार कोपऱ्यांवर रंधा, पटाशी,
दस्तगीरच्या चष्म्याची डबी
आणि चहाचा ग्लास, ज्याचा गोल डाग
तिसऱ्या मुक्कामाच्या कुरणावर पडलाय.
तिथं तळं आहे असं धरून चाललोय.

उंचीच्या रेषा मला कुणी शिकवल्या नाहीत.
तीस वर्षं सागवान बघतोय.
रेषा दाटल्या की चढ, फाकल्या की सपाटी,
गाठ आली की पटाशी जपून.
खिंडीपाशी अशीच एक गाठ आहे,
चौदा हजार फुटांवर.
बोट तिथं अडतं.

रविवारी जोतिबाच्या पायऱ्या.
सॅकमध्ये गुळाचा दहा किलोचा रवा,
वजनाला वजन, आणि मागं मुंग्या.
अर्ध्यावर हिंदुराव वाकून बुटाची नाडी बांधतो.
नाडी सुटलेली नसते.

मंगळवारची निजामुद्दीन, पुढं रात्रीची बस,
पुढं खेचरवाला, त्याचा फोन लागत नाही.
खर्डा न्यायचा का, यावर दोन संध्याकाळी गेल्या.
बायको म्हणाली, बर्फात राहायला निघालाय,
घरचा फ्रीज कधी साफ केलाय काय?

मग एका शुक्रवारी दस्तगीरनं
डॉक्टरांचा कागद आणला
आणि नकाशावर ठेवला, पाचव्या वजनासारखा.
पंखा फिरत होता. कागद हलला नाही.
हिंदुराव म्हणाला, मग पुढच्या वर्षी जाऊया.
दस्तगीर म्हणाला, गप बस.
शेवटच्या गावापर्यंत येतो मी.
अक्रोडाखाली चटई टाकतो, तुमच्या भाकरीचं बघतो.
तिथं अक्रोड आहे का, कुणालाच माहीत नव्हतं.

बीड निवताना आकसतं.
म्हणून लाकडाचा पॅटर्न थोडा मोठा करायचा,
फुटामागं एक सूत.
आमची मोजपट्टीच तशी असते, खोटी लांब.
बाहेरच्या माणसानं त्यावर कापड मोजू नये.

आठ दिवसांचा बेत मी नऊचा लिहिला.
हिंदुराव म्हणाला, नववा कशाला?
मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

दस्तगीर तराजूपाशी उभा होता,
स्वतःची सॅक तोलत.
साडेनऊ भरली.
त्यानं एक स्वेटर काढला, घडी घातली,
आणि परत आत ठेवला.