धोटा

सकाळचे साडेसहा. वडगावचे माग अजून उठलेले नाहीत
आणि मैदानावर धुकं इतकं, की मीच रोवलेली बारावी काठी
मला दिसत नाही.
बुट्टीला दिसते. किंवा दिसत नसेल, वासानं कळत असेल.
माझ्या चपलेवर पाय देऊन उभी, शेपटी थरथरतेय:
सोड की आता.

सोडत नाही. आधी चालायचं.
विहिरीपर्यंत दोन फेऱ्या, मग थोडं दुडकं, मग उडी,
तीही आडवी नळी एकाच विटेवर ठेवून.
थंडीत अंग म्हणजे रात्रभर दवात पडलेला दोर,
हिसका दिलास तर तुटेल बघ अक्का,
असं ईराप्पा म्हणायचा.
म्हणतो. अजून म्हणतो, हुबळीहून, फोनवर.

खूळ त्याचंच हे सगळं.
मागांचा जॉबर, ऑइलनं काळे हात,
लेकाच्या मोबाइलवर कुठल्याशा देशातली कुत्री पाहिली
काठ्यांमधून नागमोडी धावणारी,
आणि दुसऱ्या दिवशी मोडक्या हातमागाच्या बारा काठ्या
खांद्यावर घेऊन दारात:
"अक्का, हे तर विणणंच झालं की!"
बोगदा मी शिवला. सायकलच्या जुन्या टायरी,
वर काठ चुकलेली साडी, शेठनं परत पाठवलेली.
कुत्री मंडईमागं सापडली होती, बुट्टीत,
शेंगांच्या टरफलांवर झोपलेली.
गल्ली हसली: साठी, नाठी, आणि वर शेपटी.

बस, थांब, वळ हे मी शिकवलं.
उडी आणि बोगदा ईराप्पाचे. जिगि. ओळग होगु.
कुणी वाटून घेतलं नव्हतं,
ज्याच्या तोंडाला जे आलं ते.

मार्गशीर्षात लेकानं त्याला नेलं. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायचं यंत्र.
"तेही मागासारखंच," म्हणाला, "नळ्या नि घरघर,
फक्त कापड निघत नाही."
तेव्हापासून बुट्टी बोगद्यापाशी येते आणि बसते.
आत जा म्हटलं. शिर की गे म्हटलं.
सुक्या बांगड्याचा तुकडा दाखवला.
ती माझ्याकडे असं बघते,
जणू मी दुसऱ्याच कुणाचं काम तिला सांगतेय.

परवा फोन ठेवला पलीकडच्या तोंडाशी, आवाज मोठा करून.
आधी घरघर आली, मग खोकला, मग
"बुट्टी. ओळग होगु."
साडी फुगली, टायरी हलल्या, गेली सरळ आत,
पलीकडे निघाली
आणि फोनशेजारी पंजांवर हनुवटी टेकून पडून राहिली.
काठ्या तशाच उभ्या.
"आली काय?" तो विचारत होता. "अक्का, पळाली काय?"
मी म्हटलं, पळाली. बाराच्या बारा.

आज फोन घरी.
गवत निसरडं आहे, तिच्या बोटांमधला चिखल
पदरानं पुसून घेते.
रात्री चुलीसमोर बसून घोकलाय तो शब्द.
चाळीस वर्षं बाजारात कन्नड बोलले, भावापुरतं, मापापुरतं,
कुणाला आत पाठवायची वेळ आली नव्हती.

"ओळग होगु."
ळ जड पडला. तिचा एक कान वर, एक आडवा.
पुन्हा म्हणते. या वेळी
शेवटाला त्याच्यासारखी थोडी खोकते.

साडी फुगते.

कुठंतरी पहिला माग सुरू होतो
आणि धुक्यात हलतात
काठी, काठी, काठी.
कुत्री दिसत नाही, नुसत्या काठ्या थरथरताना दिसतात.
मी मोजत राहते. नऊ. दहा.
अकरावी आजही चुकवली हिनं.