पुरावा कुठल्या ओळीत?

ग्रिम्झबी, जानेवारी, चौथीचा वर्ग.
खिडकीबाहेर एक सीगल
कुणाच्या तरी डब्याचं झाकण पळवतोय.
फळ्यावर मी जुन्या गोष्टीतली एकच ओळ लिहिते:
पहाटे बापाने हाक मारली, तेव्हा मुलगी जोडे घालूनच झोपली होती.

अशा गोष्टी यांना तोंडपाठ.
लाकूडतोड्या, दुष्काळ, सावत्र आई, रान.
शेवट हात वर न करताच सांगून टाकतात,
म्हणून शेवट मी कपाटात ठेवलाय, पुस्तकासकट.
आज फक्त ही ओळ. चाळीस मिनिटं.

ओळीत काय आहे?
जोडे. झोप. बाप. पहाट.
आणि ओळीत नाही, तरी आहे, असं काय?

हीटरची टकटक.
मी त्यांना आमची म्हण सांगते, शितावरून भाताची परीक्षा:
एक शीत चिमटीत दाबायचं, अख्खं पातेलं कळतं.
डोमास विचारतो, मिस, पण तळ करपला असेल तर?
वीस वर्षं ही म्हण वापरतेय मी.
तळाशी कधी गेले नव्हते.

एल्सी-मे म्हणते, मुलगी आळशी आहे.
पुरावा?
माझा भाऊ तसाच झोपतो.
तो तुझ्या घरातला पुरावा, बाळा, गोष्टीतला शोध.
काया म्हणते, थंडी होती. चालेल,
पान तीनवर बर्फ आहे.
डोमासला चोराची शंका आहे. त्याला नेहमीच असते.

मग मागच्या टेबलावरून, हात न उचलता, रीस:
तिला माहीत होतं.
काय माहीत होतं?
तिला नेणार आहेत ते. भिंत पातळ असते.
भिंत कुठे आहे या ओळीत?
नाहीये. पण लाकूडतोड्याचं घर ना. लाकडाचंच असणार.
थोडं थांबून, नखाने टेबल खरवडत:
आणि ही पहिली वेळ नाही.
पहिली असती तर जोडे शोधावे लागले असते.

तपासनिसांच्या कोष्टकात
अशा उत्तराला सगळ्यात वरचा रकाना आहे.
मी म्हणते, शाब्बास. मराठीतच निघून जातं तोंडून.
आणि खाली वाकते, न पडलेलं पेन उचलायला.

टेबलाखाली त्याचे बूट.
लेसच्या गाठीवर गाठ, गाठीत किनाऱ्याची वाळू.
रोज रात्री कुणी सोडत असेल, असं वाटत नाही.
वाटत नाही, हे माझं.
गाठ आणि वाळू, हे तिथलं.

घंटा झाल्यावर सगळे कोट ओढत पळतात.
रीस दाराशी रेंगाळतो.
मिस, तिने जोडे कधी काढले, ते आहे का पुढे?
बघून सांगते, मी म्हणते.

मिसेस ब्लँचर्ड जांभळा फॉर्म पुढे सरकवतात.
वर ठळक अक्षरांत सूचना:
पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहा.
तर्क करू नका. निष्कर्ष काढू नका.
मुलाचे शब्द जसेच्या तसे.
म्हणजे दुपारभर मी जे शिकवलं
ते सगळं या दाराबाहेर काढून ठेवायचं, जोड्यांसारखं.

लिहिते.
'भिंत पातळ असते.'
बुटांच्या लेसला दुहेरी गाठ, आत वाळू.
जेवणाच्या सुट्टीत ब्रेडचे दोन तुकडे, एक खाल्ला, एक खिशात.
वेळ, तारीख, सही.
विशेषण एकही नाही.
दुसऱ्या कुठल्या इमारतीत, गार झालेल्या चहाशेजारी,
कुणीतरी हे उद्या वाचेल.
त्या माणसाला कुणी शिकवलं असेल का
एका शितापाशी थांबायला?
तळापर्यंत पळी घालायला?

कपाट उघडते. उभ्यानेच शेवट वाचते, दोनदा.
मुलगी परत येते. ओच्यात मोती आहेत.
बाप रडतो. सावत्र आई मेलेली आहे, कशाने ते नाही.
चुलीत जाळ आहे, दार उघडं आहे.

जोड्यांचं काही लिहिलेलं नाही.