आपली नाही ती

वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजारात, मासळीवाल्याला लागून,
धेसींचं बॅगांचं दुकान आहे.
धेसी फार बोलत नाहीत. बॅग आडवी टाकतात
आणि तिच्यावर उभे राहतात, बुटांसकट,
ब्याण्णव किलोंचे धेसी.
मग वरूनच विचारतात, "काय?"

मी काहीच म्हणाले नाही. वाकून चेन पाहिली.
चेनचे दात बोटानं चाचपणारी बाई हसण्यावारी जाते, ठाऊक आहे,
पण माझ्यामागे लिस्बन आहे.
सन दोन हजार अकरा. सरकत्या पट्ट्यावर
आधी आली मेतकुटाची पुडी,
मग ह्यांचा एक मोजा,
मग कुण्या जर्मन कुटुंबाच्या चार चकचकीत बॅगा,
आणि सगळ्यांत शेवटी, जबडा वासून, आमची.
हे म्हणाले, "आपली नाही ती."
आम्ही खांबाआड उभे.
तीन फेऱ्या झाल्या तिच्या.
चौथ्या फेरीला मोजा आत होता,
नीट घडी घातलेला.
कुणी घातली, कळलं नाही.
मेतकूट मात्र पोर्तुगालभर झालं.

"दोन चाकांची घ्या,"
मागून एक बाई म्हणाली. जांभळी टोपी,
डेल्फिन नाव, तीस वर्षं बसच्या डेपोत.
"चार चाकं म्हणजे मोकाट कुत्रं.
उतार दिसला की सुटलं."
तिची सुटली होती प्रागला, दगडी गल्लीतून खाली,
थेट कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत.
नवरीनं तो पाठवला नंतर.
नवरा घाबरलेला, बॅग ताठ उभी.

आणि एकदा, आईच्या मातीला
किंग्स्टनला निघाली, तर काळे कपडे
आइसलँडला जाऊन बसले.
मावसबहिणीचा पिवळा झगा घालून
खड्ड्यापाशी उभी राहिली ही.
"पिवळा आवडायचा तिला," डेल्फिन म्हणाली
आणि समोरच्या बॅगेचं चाक
अंगठ्यानं फिरवत राहिली,
थांबलं की पुन्हा.

धेसी बॅगेवरून खाली उतरले.
"मी विमानात बसलो तो एकदाच. इकडे येताना.
हातात पिठाच्या पोत्याची पिशवी, आईनं शिवलेली.
अजून आहे. कांदे ठेवतो.
टाका उसवला नाही एक."
मग एकदम दुकानदार होत,
"हिला दहा वर्षांची वॉरंटी."
"कुणाला?" मी विचारलं.
एकाहत्तर सरलीत माझी.
डेल्फिन अशी हसली
की मासळीवाला सुरी घेऊन डोकावला.

हे असते तर म्हणाले असते, वॉरंटी कसली, दोरी बांध.
निळी नायलॉनची दोरी, आणि ह्यांची ती गाठ,
जिच्यापुढे कस्टमवाल्यांनी हात टेकले होते.
ड्रॉवरमध्ये आहे ती.
कापायला नको वाटतं, सोडवायला येत नाही.

मोहरीच्या रंगाची घेतली.
दोन चाकं, जाड कापड, हँडलला दुहेरी शिवण.
कुरूप म्हणाल तर आहे.
पंचेचाळीसची चाळीसला दिली धेसींनी,
वरचे पाच पौंड
मी न वापरणार त्या वर्षांचे.

बसमध्ये रिकामी बॅग फार आवाज करते.
ड्रायव्हरनं विचारलं, "विमानतळ का?"
म्हटलं, "पेन रोड."
मग कुठे कुठे, किती दिवस, एकट्याच का,
शेजारचा पोरगाही विचारू लागला,
आणि मी त्याला प्राग सांगितलं,
कधी न पाहिलेलं,
उतारासकट.

रिकामी तरी कुठे म्हणा.
दोन किलो बटाटे होते आत, कोथिंबिरीची जुडी,
कागदात गुंडाळलेले चार बांगडे.
अकरा थांबे, एक चढ, कुठे ओरखडा नाही.
वास लागेल नव्या बॅगेला, माहीत होतं.
लागू दे. पट्ट्यावर
लांबून ओळखू येईल.