अकरा मीटरपर्यंत

मुर्तुझाभाई म्हणाले, बॉडी बदलू नको, काच बदल.
शालिमारच्या बोळातलं त्यांचं दुकान,
तिथला पंखासुद्धा जुन्या शटरसारखा अडखळतो.
फडक्यातून त्यांनी काढली रशियन लेन्स,
अठ्ठावन्न एमएम, कडेला चरे,
कुणी दातांनी उघडायला गेल्यासारखे.
"हिच्यातून पाहिलेला माणूस रागावलेला दिसत नाही,"
म्हणाले, आणि अडीच हजार सांगितले.
मी बावीसशे दिले.
मंदाला बाराशे सांगितले.

आता आटे रशियन, कॅमेरा जपानी.
मधली सोयरीक जुळवणारी रिंग बाजारात मिळते,
पण मी टर्नर माणूस.
अंबडला तेवीस वर्षं बुश फिरवतोय, फ्लँज फिरवतोय,
कुठल्या गाडीच्या पोटात जातात, देव जाणे.
एक तरी जॉब असा करावा
की ज्यातून मलाच आरपार बघता यावं.

सेकंड शिफ्ट, जेवणाची सुट्टी,
उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये.
बेचाळीसचे आटे, पिच एक.
जाडी सत्तावीस पॉइंट सेहेचाळीस,
हा आकडा मी आठवडाभर जिभेवर ठेवला होता
खडीसाखरेसारखा.

गेटवर बोडकेनं डबा उघडायला लावला.
भाकरीखाली रिंग.
"हे काय?"
"भोक आहे. भोवती थोडं अ‍ॅल्युमिनियम."
त्यानं रिंगमधून माझ्याकडे पाहिलं,
मग ट्यूबलाइटकडे,
मग जा म्हणाला.

रविवारी पाथर्डी फाट्याच्या गच्चीवर स्टँड लावला.
माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी,
मनूच्या जुन्या अस्वलाचं पोट कापून शिवलेली.
(मनू अकरावीत आहे. तरी दोन दिवस बोलली नाही.)
समोर पांडवलेण्यांचा डोंगर.
फोकस फिरवत गेलो, फिरवत गेलो,
आडवा झोपलेला इंग्रजी आठ येईपर्यंत,
जिथं लिहिलेलं असतं की इथून पुढं सगळं स्पष्ट.
डोंगर आलाच नाही.
डोंगराच्या जागी कुणीतरी लोणी फासलेलं.

रिंग काढली, मायक्रोमीटर लावला.
सत्तावीस पॉइंट शहात्तर.
तीन दशांश जास्त. माझ्या हातून.
टेप घेऊन मोजलं: शिरसाठांच्या टाकीपर्यंत जग आहे,
अकरा मीटर.
त्याच्या पलीकडं नाशिक नाही.

मग काय, जवळचं घेतलं.
टाकीच्या नळाला लटकलेला थेंब,
पडू की नको करणारा.
कुरडया घालणारी मंदा, तिच्या कोपराला चिकटलेला चीक,
कपाळावरची बट मनगटानं मागं सारताना
तिनं लेन्सकडं पाहिलं.
रागावलेली दिसली नाही.
रात्री लहान स्क्रीनवर दाखवलं तर म्हणाली,
"माझ्या मागचं सगळं पुसलंस की रे."
आणि पुन्हा लाव म्हणाली.
तिसऱ्यांदा लावल्यावर
न बघता विचारलं, "बाराशेच ना?"

तीन रविवार असेच गेले.
चुकलेली वस्तू घरी ठेवणं टर्नरला जड जातं.
चौथ्या सोमवारी रिंग पुन्हा डब्यात.
आत नेताना कुणी तपासत नाही.
एक हलका कट, मग त्याहून हलका.
चंदेरी कीस कुरळा होऊन बोटावर आला,
चिमूटभर. तेवढंच होतं
टाकी आणि डोंगर यांच्यामध्ये.

आता डोंगर दिसतो.
पायऱ्या दिसतात, पायऱ्यांवर दमून बसलेला
लाल टोपीचा माणूसही दिसतो.
मुर्तुझाभाईंना क्लिप दाखवली. छान आहे म्हणाले,
आणि मागची, कुरडयांची, पुन्हा मागितली.

तो कीस मी फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवला होता,
फळीवर, बॅटऱ्यांच्या शेजारी.
परवा बघतो तर डबी धुतलेली,
आत मिरी.